दुधावरचं निळं कडं

४ नोव्हेंबर

‘प्रिय’ लिहायचा हक्क परवा तुझ्या प्रयोगशाळेच्या गेटवर गेला, म्हणून सरळ मजकुरावर येतो.

तू म्हणालीस, फोन करायचा नाही, केलास तरी उचलणार नाही. नमुन्यांबद्दल काही असेल तर पेटीत चिठ्ठी टाक. ही ती चिठ्ठी. बर्फाच्या पिशव्यांवर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवतोय. वाचायची की नाही ते तू ठरव, पण नळ्या काढायला पेटी उघडशीलच आणि ही हाताला लागेलच. कॉलेज सोडलं असलं तरी एवढी अक्कल माझ्याकडे शिल्लक आहे.

आधी नमुने. या खेपेला एकट्या मावशींच्या गोठ्याचे आहेत, तू सांगितलंस तसे. सगळ्या दुभत्या गाईंचं दूध, प्रत्येकीचं नाव नळीवर. पेटी एक दिवस उशिरा निघतेय, त्याचं कारण तुला माहीत आहे. त्या दिवशी मी इथे नव्हतो, तुझ्या गेटवर होतो. नमुने व्यवस्थित आहेत.

आता गेटचं. पेटी नेणारा बसचा ड्रायव्हर म्हणाला, “तुमच्या मॅडमचं जमलं वाटतं. त्या सिनियर साहेबांच्या गाडीतून येतात-जातात हल्ली.” तो नुसता बोलला आणि स्टेअरिंग फिरवून निघून गेला. माझं डोकं तुला ठाऊक आहे. दूध उतू जायला थोडा वेळ तरी लागतो. मी हातातलं सगळं टाकलं आणि मिळेल त्या गाडीत चढलो. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होतो, पण तो समोर आला आणि मी कॉलर धरली. मेसमध्ये धरली होती तीच कॉलर. तेव्हा तो तुझ्याबद्दल जे बोलला होता ते मी आजही कागदावर लिहू शकत नाही. प्राचार्यांनी माफीनामा मागितला, मी दिला नाही, आणि तिसऱ्या वर्षात बॅग उचलली. तू तेव्हाही म्हणाली होतीस, “माझ्यासाठी मारामारी कर म्हणून मी सांगितलं होतं का?” परवाही तेच म्हणालीस. दोन वर्षांत माझी प्रगती काय ती यावरून कळते.

पण त्याच्या आधी, बाहेर आल्या आल्या, तुझं पहिलं वाक्य काय होतं आठवतं? “नमुने कुठे आहेत?” मी कसा आहे, का आलोय, काही नाही. नमुने कुठे आहेत. मी म्हणालो, आमच्या जनावरांच्या दवाखान्याच्या फ्रीजमध्ये. ते खरं आहे.

मावशींच्या सूनबाई आहेत ना, मी त्यांना वहिनी म्हणतो आणि त्या मला ‘अर्धे डॉक्टर’. परत आलो तेव्हा त्यांनी खिडकीतूनच विचारलं, “भांडायला गेला होतात की मागणी घालायला?”

मी म्हणालो, “दोन्ही.”

“मग दोन्ही फसलं असणार. एका फेरीत एकच काम करावं माणसाने.”

खिडकीतून, कारण त्यांना गोठ्यात यायची बंदी आहे. सातवा लागलाय. दुसरीही गाय गाभडली, वासरू मेलेलंच पडलं, तेव्हापासून मावशींनी दाराला कडी घातलीय. गिऱ्हाइकांना धारोष्ण दूध पाजणं बंद, तशी खडूने पाटी लिहून टांगली. घरातलंही दूध दोनदा उकळतात. तू येऊन जे जे सांगितलंस ते सगळं अक्षरशः पाळतात. गोठ्याचं सगळं काम एकट्या दादांवर, वहिनींच्या नवऱ्यावर, पडलंय. वहिनी म्हणतात, “मी कैदी झालेय, अर्धे डॉक्टर. खिडकीतून गाई मोजते आणि पुन्हा मोजते. तुमच्या मॅडमना म्हणावं लवकर सोडवा.”

म्हणून लवकर बघ. आणि गाडीचं खरं आहे का, तेवढं सांग. नाही सांगितलंस तरी चालेल. नाही, चालणार नाही. पण सांगू नकोस.


१३ नोव्हेंबर

मॅडम,

निकाल मिळाला. एकाही नळीत कडं नाही.

मावशींना समजावून सांगावं लागलं. “नळीत दूध घ्यायचं, त्यात औषधाचा निळा थेंब टाकायचा आणि थांबायचं. गाईला तो गाभडण्याचा, माणसांनाही लागणारा रोग असेल तर निळा रंग सायीबरोबर वर चढतो. वर निळं कडं, खाली पांढरं दूध. रोग नसेल तर उलटं, दूध निळसर राहतं आणि साय पांढरी.” त्या म्हणाल्या, “म्हणजे आपली साय पांढरी?” मी म्हणालो, पांढरी. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. मी खाली बघत होतो.

पाटी निघाली. दुसऱ्या सकाळी कुंपणापाशी गिऱ्हाइकं पुन्हा आपापले पेले घेऊन हजर. आतापर्यंत मला चहा दारातच, स्टीलच्या पेल्यात मिळायचा. त्या दिवशी आत बोलावून खुर्ची दिली, कपबशी दिली. दादांनी पाठीवर थाप मारली, “पोरगं तापट आहे, पण कामाचं आहे.” मी काय केलं होतं? नळ्या भरल्या होत्या. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होतो मी, हे तूच म्हणायचीस.

वहिनी तर चप्पल न घालताच गोठ्यात पळाल्या. एकेका गाईच्या गळ्यात पडून झालं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सगळं घर हसतंय आणि तुमचं तोंड असं का, एरंडेल प्यायल्यासारखं? मॅडमनी पुन्हा झिडकारलं का?”

मी म्हणालो, हो. ते उत्तर सोयीचं होतं.

एक विचारू का? असंच, ज्ञानात भर. समजा एखादा नमुना नीट ठेवला गेला नसेल, कुठल्याही गोठ्याचा समज, तर निकाल चुकतो म्हणजे किती चुकतो? थोडं कडं कमी दिसतं की मुळीच दिसत नाही? तू मला शिकवलं होतंस हे, प्रयोगशाळेतल्या त्या उंच टेबलापाशी. पण तेव्हा मी नळीकडे बघतच नव्हतो. तुझ्या मनगटावर निळ्या औषधाचा एक डाग पडला होता आणि तू तो चोळत होतीस. मला त्या तासातलं तेवढंच आठवतं. असल्या विद्यार्थ्याला कॉलेजने तिसऱ्या वर्षापर्यंत ठेवलं हेच खूप झालं.

आणि दोन गाई गाभडल्या तरी निकाल स्वच्छ येऊ शकतो ना? दुसरी कारणं असतात ना? बुरशीचा चारा, शिंग लागणं, काहीही. एखादं कारण लिहून पाठव म्हणजे झोप लागेल. मावशींना.


२९ नोव्हेंबर

रिकाम्या पेटीतून तुझी चिठ्ठी आली. दोन वर्षांत पहिली. दवाखान्यामागच्या माझ्या खोलीचं दार लावून वाचली. कागदाला जंतुनाशकाचा वास होता. तो वास मला चालतो, तू काहीही लिही.

तू लिहिलंस: “मावशींच्या गोठ्याचे नमुने पूर्ण वेळ थंड होते आणि गोठले नव्हते, हे मला तुझ्या तोंडून हवंय. गाई गाभडत असताना निकाल स्वच्छ येणं मला पटत नाही. सोमवारी सरांसमोर आकडे मांडायचे आहेत. हो की नाही, एवढंच लिही. बाकी काही लिहू नकोस.”

गोठले नव्हते.

बाकी काही लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितो. सरांसमोर बोलताना पहिल्या दोन वाक्यांत तुझा आवाज बसतो. पाणी पिऊन जा. आणि तो सिनियर मध्येच बोलायला लागला तर त्याला बोलू दे, तू नंतर बोल, तुझं जास्त चांगलं असतं. बघ, मी त्याच्याबद्दल शांतपणे एक अख्खं वाक्य लिहिलं.

इकडे ठीक आहे. एक गाय वेळेआधी व्याली. वासरू अशक्त आहे, पण उभं राहिलं. वार पोटातच अडकली होती. दादा चारा आणायला गेले होते, मावशींचा डोळा लागला होता, दवाखान्याचे डॉक्टर दुसऱ्या टोकाला. वहिनींनीच म्हणे हात घालून सोडवली. हातमोजे नव्हते. बाही दंडापर्यंत दुमडलेली, एक गुडघा जमिनीवर, दुसऱ्या हाताने स्वतःचं पोट सावरत, आणि तोंडाने गाईशी चाललेलं, “झालं हं बाई, झालं, आता मोकळी होशील.” केस डोळ्यांवर आले तर हात माखलेले, म्हणून खांद्याने मागे सारत होत्या. अख्खी वार निघाली तेव्हा मोठ्याने हसल्या. असं सांगतात. मी मागाहून गेलो.

वासराचं नाव तुझ्यावरून ठेवणार होत्या. मी नको म्हणालो.

सोमवारी काय झालं ते कळव. एका ओळीत कळव. अर्ध्या ओळीत.


१८ डिसेंबर

सकाळपासून तुला फोन लावतोय. तू उचलत नाहीस. तू तसं सांगितलंच होतंस, आणि मी आजवर इतक्या वेळा बिनकामाचे फोन केलेत की आजचा वेगळा आहे हे तुला कसं कळणार? प्रयोगशाळेच्या नंबरवर केला तर सिनियरने उचलला. माझा आवाज ऐकून ठेवला. त्याचंही बरोबर आहे.

म्हणून या पेटीत दूध नाही. फक्त ही चिठ्ठी. ड्रायव्हरला सांगितलंय, मॅडमच्या हातातच दे, तातडीचं आहे.

वहिनींना ताप आहे. संध्याकाळी थंडी वाजून चढतो, पहाटे अंथरूण भिजेल इतका घाम, सकाळी उतरतो. दोन दिवस बऱ्या, की पुन्हा. कंबर आणि गुडघे धरलेत. इथल्या डॉक्टरांनी दगदग म्हणून गोळ्या दिल्या, पोटात बाळ आहे म्हणून त्याही हलक्या. मावशी म्हणतात, शेवटच्या महिन्यांत असं होतं. होत नाही. हा ताप मला माहीत आहे. तुलाही, हे वाचताक्षणी.

नमुने गोठले होते.

सगळं सांगतो. त्या दिवशी दूध काढून नळ्या भरल्या. बर्फ आणायला निघणार, तेवढ्यात ड्रायव्हर ते बोलला. माझ्या हातात नळ्यांचा ट्रे. दवाखान्याच्या फ्रीजचा खालचा भाग लशींनी खच्चून भरलेला. त्या बाजूला करायला, दुसरी जागा शोधायला वेळ लागला असता, आणि मला तर तुझ्या गेटवर पोचायचं होतं. वर बर्फाचा कप्पा रिकामा होता. कोंबल्या. तू मला तीनदा बजावलं होतंस, दूध गोठलं की साय फाटते आणि रोग असला तरी कडं उठत नाही. मला ते आठवत होतं. विसरलो असं म्हणायलासुद्धा जागा नाही. मनात म्हणालो, एका दिवसात काय होतंय.

परत आलो तेव्हा दूध फुगून बुचं वर आली होती. आत पांढऱ्या कांड्या. मी त्या तळहातांत धरून धरून वितळवल्या. बुचं दाबून बसवली, नळ्या पुसल्या, नावं पुसली गेली होती ती पुन्हा लिहिली. पुन्हा नमुने घ्यायला मावशींकडे जाता आलं असतं. दुसऱ्या दिवशीच्या धारा होत्याच. पण मग तुला सांगावं लागलं असतं की का. तुझ्या गेटवर तमाशा करायला गेलो म्हणून तुझं काम नासलं, हे तुला कळलं असतं, आणि उरलीसुरली चिठ्ठीही बंद झाली असती. चिठ्ठीसाठी केलं मी हे.

मग तू स्पष्ट विचारलंस आणि मी ‘गोठले नव्हते’ लिहिलं. तुझ्यावर प्रेम आहे असं म्हणणाऱ्या माणसाने तुला सरांसमोर खोटे आकडे घेऊन उभं केलं.

लगेच ये. येताना माणसांच्या डॉक्टरांना घेऊन ये, नाहीतर फोन करून ठेव. मी सांगितलं तर कोण ऐकणार, जनावरांचं शिक्षण अर्धं टाकलेला मी. घरात अजून सांगितलेलं नाही. पेटी बसवर चढवली की सांगायला जातोय. हे लिहून ठेवतोय म्हणजे मला वाटेतून परत फिरता येणार नाही.


२२ डिसेंबर

तू येऊन गेलीस. दोन वाक्यांपलीकडे माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून जे तू पाहिलं नाहीस तेही लिहितो.

मावशी अंगणात बादल्या घासत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, शिव्या बसतील. ओरडणाऱ्या माणसांपुढे कसं उभं राहायचं ते मला येतं. त्या घासत राहिल्या. बादली पालथी घालून म्हणाल्या, “म्हणजे आपल्या सायीत निळं होतं?”

“तपासल्याशिवाय सांगता येत नाही. पण असणार.”

“आणि तू इथे खुर्चीवर बसून चहा प्यायलास.”

“हो.”

“कपबशीत.”

“हो.”

मग म्हणाल्या, “उद्या सकाळी माणसं येतील पेले घेऊन. मी नाही माझ्या तोंडाने सांगणार. चाळीस वर्षांत माझ्या दुधात पाणीसुद्धा कुणी काढलं नाही. तू सांगायचंस. एकेकाला.”

सकाळी मी कुंपणापाशी उभा राहिलो. एकेकाला सांगितलं: या दुधाची तपासणी चुकली होती, आजपासून कच्चं मिळणार नाही, घरी न्याल ते नीट उकळा, कुणाला ताप येत असेल तर डॉक्टरांना हे सांगा. पहिल्या गृहस्थांनी विचारलं, “मग महिनाभर आम्ही काय प्यायलो?” एक आजोबा म्हणाले, “आमचा जन्म गेला धारोष्ण पिण्यात, तुम्ही कालची पोरं,” आणि मागत राहिले. मावशींनी त्यांचा पेला परत केला. एका बाईंच्या कडेवर मूल होतं. त्यांनी विचारलं, “तपासणी चुकली म्हणजे? मशीन बिघडलं होतं का?”

हो म्हणावंसं वाटलं. जीभ वळलीही होती. मावशी मागे उभ्या होत्या.

“नाही,” मी म्हणालो. “मी बिघडवली.”

त्या बाईंनी कडेवरचं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांबच्या. पुढे तेच वाक्य मी प्रत्येकाला सांगितलं, कुणी विचारो न विचारो. एकदा म्हटलं की दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. नाही गेलं.

नंतर तू आलीस. पडवीतल्या टेबलावर नळ्या मांडल्यास, थेंब टाकलेस आणि सगळे थांबलो. मावशी, दादा, मी, कुणी बसलं नाही. निळा रंग हळूहळू वर चढायला लागला. एका नळीत, मग शेजारच्या, मग त्या पलीकडच्या. इतकं स्वच्छ, रेघ मारल्यासारखं कडं मी पुस्तकातही पाहिलं नव्हतं. मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, कुणी गेल्यावर करतात तसा. दादांनी फक्त विचारलं, “ही वार अडकली होती ती?” तू मान हलवलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. मला ते पुसावंसं वाटलं, आणि असं वाटलं याचीच लाज वाटली.

तुझ्याच गाडीतून वहिनींना हॉस्पिटलात नेलंत. पेटी तू माझ्या हातातून घेतलीस. तेव्हा जे म्हणालीस तेवढंच माझ्याशी बोललीस: “माझं नुकसान मी भरून काढीन. तिचं कसं भरायचं, ते तिला विचार.”

विचारायला मी अजून गेलेलो नाही. हॉस्पिटलच्या रस्त्यापर्यंत जातो, परत येतो.


११ जानेवारी

ही टपालाने. आता पेटी दादा बसवर चढवतात.

वहिनींना मुलगी झाली. वेळेच्या महिनाभर आधी. काचेच्या पेटीत ठेवलीय, श्वास स्वतःचा घेते. तिच्या रक्ताचा निकाल यायचाय. डॉक्टर ‘बरी आहे’ म्हणत नाहीत. ‘आज बरी आहे’ म्हणतात. वहिनींचा ताप औषधांनी उतरलाय, पण गोळ्या आणखी कितीतरी आठवडे घ्यायच्यात.

तुला एक गोष्ट सांगायची राहिलीय. कबुलीच्या चिठ्ठीतही मी ती गाळली होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी दादांना विचारलं, संसर्ग कशातून झाला असेल, दुधातून की हाताळण्यातून? नेमकं कधी? दादा म्हणाले, “एकदा वार काढली होती तिने. पण मी नव्हतो, आई झोपली होती. एकटीनेच केलं ते.” मी भिंतीला टेकून उभा होतो. त्या दिवशी पहिल्यांदाच वरच्या मजल्यापर्यंत आलो होतो.

मी म्हणालो, “एकटीने नाही. मी गाईची शेपटी धरून उभा होतो.”

तुला मी लिहिलं होतं, मागाहून गेलो. मागाहून गेलो असतो तर खांद्याने केस सारलेले मला कुठून दिसले असते? तुझ्या लक्षात आलं असेल. आणि जे लिहिलं नव्हतं ते असं: हात घालण्याआधी वहिनी थांबल्या होत्या. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं होतं, “अर्धे डॉक्टर, घालू ना हात? आता काही भीती नाही ना?”

मी म्हणालो, “घाला.”

नळ्या बर्फाच्या कप्प्यात कोंबल्या ती डोक्यातली आग होती, तिला चूक तरी म्हणता येईल. पण ‘घाला’ म्हणताना डोकं थंड होतं. नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं. आणि त्याच सकाळी तुझी चिठ्ठी आली होती, माझ्या खिशात होती. शेपटी धरलेल्या हाताने मी मधूनच ती चाचपून बघत होतो.

हे मी दादांना सांगितलं, चिठ्ठीसकट. सांगून झाल्यावर डोळे मिटले आणि थांबलो. दादांचे हात तू पाहिलेत. काहीच आलं नाही. डोळे उघडले तर ते तिथेच होते.

“मारलं तर तुला बरं वाटेल,” ते म्हणाले. “म्हणून नाही मारत.”

मग डॉक्टरांकडे वळून त्यांनी तारीख सांगितली, बरोबर.

तेव्हापासून मी रोज गोठ्यातलं शेण काढतो आणि गरम पाण्याचा थर्मास हॉस्पिटलात पोचवतो. कुणी सांगितलेलं नाही, कुणी नको म्हणालेलंही नाही. थर्मास दाराबाहेर ठेवायचा आणि यायचं. काल दार अर्धवट उघडं होतं.

वहिनींना बाळाला पाजायची परवानगी नाही, हे तुला माहीतच असेल. त्यांच्या दुधातून बाळाला जाऊ शकतं म्हणून. दूध मात्र येतंय, थांबत नाही. त्या ते पेल्यात काढतात आणि ओतून देतात. काल मी दाराशी वाकलो तेव्हा त्या बेसिनपाशी उभ्या होत्या. पेला रिकामा केला, नळ सोडला, मान वळवली आणि मी दिसलो. मला वाटलं, त्या तोंड फिरवतील. फिरवलं नाही. नेहमी माझी थट्टा करताना जसा आवाज लावायच्या तसाच लावायचा प्रयत्न केला त्यांनी, पण तो मध्येच चिरकला.

“गाईंचं पास केलंत,” त्या म्हणाल्या. “माझं पास करायला नाही आलात?”

मावशींनी आतून दार लोटलं. मी थर्मास धरून तसाच उभा होतो. आत नळ बराच वेळ चालू होता.

दादांकडून कळलं की त्यांच्या दुधाचा नमुना तपासायला तुझ्याकडेच येणार आहे. तूच बघ. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस. तुझ्यावरच्या प्रेमाबद्दल लिहायला मी कागदाची ही बाजू राखून ठेवली होती, ती कोरी सोडतो. निकाल काहीही आला तरी थेट त्यांना कळव. मला नको.